एकात्मिक मानसोपचार: पहिल्या भेटीआधी लोक जे विचारतात

गेली १७ वर्षं मी प्रौढ माणसांसोबत समुपदेशनाचं काम करते. वेळ ठरवायला फोन येतो तेव्हा, पहिल्या भेटीत दार लावून घेतल्यावर, आणि बऱ्याचदा निघताना जिन्यात उभं राहून लोक काही ठरावीक प्रश्न विचारतात. जिन्यातले प्रश्न बहुतेक वेळा सगळ्यांत महत्त्वाचे असतात. तेच इथे घेतले आहेत.

एकात्मिक मानसोपचार म्हणजे नेमकं काय?

मानसोपचाराच्या अनेक पद्धती आहेत, आणि माणसाचं दुःख समजून घ्यायला प्रत्येकीने एक वेगळी जागा धरली. फ्रॉइडच्या वाटेने गेलेल्यांनी लहानपण आणि नकळत मनात साचलेलं पाहिलं. वर्तनोपचाराने सवयी पाहिल्या. अल्बर्ट एलिस यांनी १९५५ च्या सुमारास आणि ॲरन बेक यांनी १९६० च्या दशकात विचारांवर बोट ठेवलं. कार्ल रॉजर्स म्हणाले, की समोरच्याला मनापासून ऐकलं, त्याचा न्यायनिवाडा केला नाही, तर त्यानेच माणूस सावरू लागतो. कोणी कुटुंबाकडे पाहिलं, तर कोणी शरीराकडे.

एकात्मिक मानसोपचारात उपचारक यातल्या एकाच पद्धतीशी बांधलेला नसतो. तुमचा त्रास कशामुळे सुरू झाला, कशामुळे टिकून आहे आणि तुमच्या स्वभावाला काय झेपेल, हे आधी बघायचं आणि त्याप्रमाणे पद्धती निवडून एका धाग्यात ओवायच्या. या विचाराच्या अभ्यासकांची आंतरराष्ट्रीय संघटना १९८३ मध्ये स्थापन झाली. त्याआधी वेगवेगळ्या पद्धतींचे लोक एकमेकांचं फारसं ऐकून घेत नसत.

आपल्याकडे यातली एलिस यांची विवेकनिष्ठ पद्धत अनेकांना ओळखीची आहे. कि. मो. फडके यांनी एलिस यांचे विचार मराठीत आणले आणि ठाण्यातली 'आयपीएच' ही संस्था १९९० पासून मानसिक आरोग्याबद्दल मराठीतून बोलत आली आहे. त्यामुळे 'घटनेपेक्षा घटनेबद्दलचा माझा विचार मला जास्त त्रास देतो' हे वाक्य माझ्याकडे येणाऱ्या पुष्कळांना आधीच ठाऊक असतं. तरीही त्रास सुरूच असतो, आणि मग ते विचारतात, 'मला सगळं कळतं हो, पण वळत का नाही?' माझ्या मते एकात्मिक कामाची खरी गरज या प्रश्नापाशी सुरू होते.

म्हणजे थोडं याचं, थोडं त्याचं? कशालाच धड न्याय नाही, असं होणार नाही का?

होऊ शकतं. आज श्वासाचा व्यायाम, पुढच्या आठवड्यात चित्रं, त्यानंतर आणखी काही, असं कुठलाही विचार न करता चाललं तर तो नुसता काला होतो. उपचारकाने निदान दोन-तीन पद्धती पक्क्या शिकलेल्या असाव्यात, आणि 'आत्ता हे का करतोय?' असं तुम्ही विचारलंत तर त्याला साध्या मराठीत उत्तर देता यावं. ते देता येत नसेल तर तुमची शंका बरोबर आहे.

माझा स्वतःचा अनुभव सांगते. सुरुवातीच्या वर्षांत मी एकच पद्धत शिकले होते आणि तिच्यावर माझा फार विश्वास होता. एक गृहस्थ आले. तरुण मुलगा अपघातात गेला होता. दुसऱ्याच भेटीत मी त्यांच्या हातात विचारांचा तक्ता दिला: घटना, विचार, भावना, पर्यायी विचार. त्यांनी तो कागद नीट चार घड्या करून शर्टाच्या खिशात ठेवला, 'बरं, येतो' म्हणाले आणि पुन्हा कधीच आले नाहीत. तक्त्यात चूक नव्हती. त्यांच्या शोकाला मी विचारातली चूक समजले, ती चूक माझी होती. त्या माणसाला त्या दिवशी फक्त कुणीतरी शेजारी बसायला हवं होतं. दुसऱ्या पद्धती शिकायला मी त्यानंतर गेले.

मला काही आजार नाही. नुसतं मन लागत नाही. मी यावं का?

यावं. माझ्याकडे येणाऱ्या अनेकांना कुठल्याही आजाराचं नाव लागू होत नाही. नोकरी व्यवस्थित, घर व्यवस्थित, आणि तरी रविवारी संध्याकाळी जीव घाबरा होतो. मुलं शिकायला बाहेरगावी गेली आणि घर खायला उठलं. निवृत्ती झाली. घटस्फोट झाला. आईवडिलांच्या आजारपणात पाच वर्षं गेली आणि ते गेल्यावर रडूच येत नाही. या सगळ्याबद्दल बोलायला येता येतं.

आणि आजार असला तरी लाज वाटण्याचं कारण नाही. २०१५-१६ च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात १२ राज्यांमधल्या प्रौढांपैकी सुमारे १०.६ टक्के लोकांना त्या वेळी कुठला ना कुठला मानसिक आजार असल्याचं दिसलं. त्या १२ राज्यांत महाराष्ट्र नव्हता, पण आपण फार वेगळे असू असं मला माझ्या दारातली गर्दी बघून वाटत नाही. त्यातल्या बहुसंख्य लोकांपर्यंत उपचार पोचलेच नव्हते, हे मला आकड्यापेक्षा जास्त टोचतं.

पहिल्या भेटीत काय होतं?

साधारण ५० ते ६० मिनिटं आपण बोलतो. त्रास कधीपासून आहे, झोप कशी आहे, जेवण जातं का, घरात कोण कोण आहे, आधी काही औषधं चालू होती का, दारू-तंबाखू आहे का, जीव नकोसा वाटतो का, हे मी विचारते. शेवटचा प्रश्न मी प्रत्येकाला विचारते. तो विचारल्याने कुणाच्या मनात नवा विचार घुसत नाही. उलट ज्यांच्या मनात तो आधीच असतो त्यांचा खांदा खाली येतो, कारण आता तो विचार एकट्याने वाहायचा नसतो.

सगळं पहिल्याच दिवशी सांगायचं नसतं. रडू आलं तर रडावं, नाही आलं तर नाही. सोफ्यावर आडवं वगैरे व्हावं लागत नाही.

प्रत्यक्षात हे कसं चालतं? एखादं उदाहरण द्याल?

देते. दोन-तीन जणींचे अनुभव एकत्र करून आणि तपशील बदलून लिहिते आहे, त्यामुळे ही एका कुणाची गोष्ट नाही.

पन्नाशीच्या एक शिक्षिका. रात्री तीनला जाग यायची, छातीत धडधड, हातापायांना घाम. ईसीजी झाला, थायरॉइड झालं, पित्ताच्या गोळ्या झाल्या. सगळं नॉर्मल. शेवटी त्यांच्या डॉक्टरांनीच पाठवलं. त्या आल्या त्या 'मला काही टेन्शन नाही हो' असं म्हणतच.

आम्ही शरीरापासून सुरुवात केली, कारण त्यांना शरीराचीच भाषा पटत होती. घाबरल्यावर श्वास उथळ आणि भराभर होतो, त्याने रक्तातला कार्बन डायऑक्साइड कमी होतो आणि मुंग्या, चक्कर, छातीत आवळल्यासारखं होणं हे सगळं त्यातून येतं, हे मी कागदावर काढून दाखवलं. घाबरण्याचा असा झटका साधारण १० मिनिटांत कळसाला पोचतो आणि मग आपोआप उतरतो. श्वास सोडायला घेण्यापेक्षा जास्त वेळ द्यायचा, एवढं रोज दोनदा करायचं. रात्री नऊनंतरचा चहा बंद. जाग आली तर अंथरुणात कूस बदलत पडून न राहता उठून बाहेर बसायचं, झोप आली की परत यायचं. तीन आठवड्यांत धडधड अर्ध्यावर आली.

मग विचारांकडे वळलो. मी त्यांना एक छोटी वही घ्यायला सांगितली, पण त्यांनी नवी वही घेतली नाही. दुधाच्या हिशोबाची वही होती, तिच्याच डाव्या पानावर लिहायला लागल्या. उजव्या पानावर '१ लिटर, १ लिटर, अर्धा', आणि डावीकडे 'आज भाजीत मीठ जास्त. मनात आलं, मला काहीच जमत नाही'. पंधरा दिवसांची पानं आम्ही समोर ठेवून वाचली तेव्हा त्यांच्याच लक्षात आलं, की 'मला काहीच जमत नाही' हे वाक्य त्यांच्या आवाजातलं नव्हतं. ते सासूबाईंचं होतं. सासूबाई आठ महिन्यांपूर्वी गेल्या होत्या. शेवटची चार वर्षं त्यांचं सगळं अंथरुणातच होतं आणि ते या बाईंनीच केलं होतं.

वाक्य कुणाचं ते कळलं, पण त्याने ते थांबलं नाही. कळण्याने जे होत नाही ते कधी कधी अनुभवाने होतं. म्हणून पुढच्या टप्प्यात मी एक रिकामी खुर्ची समोर ठेवली आणि म्हटलं, सासूबाई इथे बसल्या आहेत असं समजा, जे कधी बोलला नाहीत ते बोला. खुर्ची सरकवून होईपर्यंत बाईंचा हात आपसूक पदराकडे गेला. त्यांनी डोक्यावरून पदर घेतला. आम्ही दोघीही त्याकडे बघत राहिलो. सत्तावीस वर्षांचा संसार त्या एका हालचालीत होता. बऱ्याच वेळाने त्या एवढंच म्हणाल्या, 'आई, एकदा तरी बरं म्हणायचं होतं.' आणि मग खूप रडल्या. त्या रडण्यात राग होता, आणि मायाही होती. दोन्ही एकत्र असू शकतं हे त्यांच्यासमोर पहिल्यांदाच कुणीतरी मान्य केलं.

शेवटच्या काही भेटींत आम्ही पुढचं बघितलं: घरात काम वाटून घेण्याबद्दल नवऱ्याशी कसं बोलायचं, शनिवारी दुपारी मैत्रिणींकडे जाण्यासाठी परवानगी मागायची की सांगून जायचं. हे सगळं मिळून १६ भेटी झाल्या. श्वास, वर्तन, विचार, भावना, नाती, या प्रत्येकासाठी वेगळ्या परंपरेतलं साधन वापरलं, पण बाईंना ते एकसलग बोलणंच वाटलं. तसंच वाटायला हवं.

नुसतं बोलून काय होणार? मी मैत्रिणीशी बोलतेच की.

मैत्रीण हवीच, तिला सोडू नका. पण मैत्रिणीला तुम्ही दुखावलेलं चालत नाही, तुमची बाजू घ्यायची तिला घाई असते आणि तिचंही काही ऐकून घ्यावं लागतं. इथे तो तास पूर्ण तुमचा असतो.

बोलण्याने काय होतं याचा एक पुरावा आपल्या शेजारीच आहे. गोव्यात 'संगाथ' या संस्थेने सरकारी प्राथमिक आरोग्य केंद्रांत एक प्रयोग केला. बऱ्यापैकी तीव्र नैराश्य असलेले ४९५ प्रौढ त्यात होते. निम्म्यांना नेहमीच्या उपचारांसोबत सहा ते आठ भेटींचं समुपदेशन मिळालं, आणि ते देणारे मानसशास्त्राचे पदवीधर नव्हते. प्रशिक्षण दिलेले स्थानिक लोक होते. तीन महिन्यांनी समुपदेशन मिळालेल्यांपैकी ६४ टक्के जण नैराश्यातून बाहेर आले होते, दुसऱ्या गटात ३९ टक्के. २०१७ मध्ये हे निष्कर्ष 'लॅन्सेट'मध्ये छापून आले. तिथे मुख्यतः एकच पद्धत वापरली होती, तेव्हा हा एकात्मिक पद्धतीचा पुरावा नाही. पण आपल्या माणसांना आपल्या भाषेत, ठरवून, नीट बोलण्याने बरं वाटतं, याचा नक्कीच आहे.

दुसरी गोष्ट. सॉल रोझेनझ्वाइग नावाच्या मानसशास्त्रज्ञाने १९३६ मध्येच लिहिलं होतं, की वेगवेगळ्या पद्धतींचा उपयोग साधारण सारखाच होत असेल तर सगळ्यांत समान असं काहीतरी काम करत असलं पाहिजे. त्यानंतरच्या संशोधनात एक गोष्ट पुन्हा पुन्हा पुढे आली: उपचारक आणि येणारा माणूस यांच्यातला विश्वास, आणि आपण कशासाठी काम करतोय यावर दोघांचं एकमत. मला हे वाचून हायसं वाटतं, कारण रोजचा अनुभव तेच सांगतो.

लहानपणीचं सगळं उकरून काढावं लागतं का? आईवडिलांना दोष द्यायचा का?

नाही आणि नाही. आजच्या त्रासाशी जे जोडलेलं आहे तेवढ्याकडेच जायचं, आणि तुम्ही तयार असाल तेव्हाच. आईवडिलांना समजून घेणं वेगळं आणि आरोपीच्या पिंजऱ्यात उभं करणं वेगळं. पुष्कळदा त्यांनाही कुणी जवळ घेतलेलं नसतं, हे दिसायला लागतं.

मारहाण, लैंगिक अत्याचार, मोठा अपघात असं काही असेल तर मात्र थेट तपशिलात शिरू नये. आधी झोप, सुरक्षितता, स्वतःला शांत करता येणं, हे जमवायचं. पहिल्याच भेटीत कुणी तुम्हाला सगळं सांगायला लावत असेल तर 'आत्ता नको' म्हणण्याचा तुम्हाला पूर्ण अधिकार आहे.

गोळ्या घ्याव्या लागतील का? मानसोपचारतज्ज्ञ आणि मानसशास्त्रज्ञ यांत फरक काय?

मानसोपचारतज्ज्ञ हे एमबीबीएसनंतर मनोविकारांचं शिक्षण घेतलेले डॉक्टर. औषधं तेच देतात. मानसशास्त्रज्ञ आणि समुपदेशक बोलण्यातून उपचार करतात, औषधं लिहून देऊ शकत नाहीत. मीही देत नाही.

प्रत्येकाला गोळ्या लागत नाहीत. पण आठवडे झाले झोप नाही, अंघोळसुद्धा डोंगराएवढी वाटते, आवाज ऐकू येतात, जीव द्यावासा वाटतो, काही दिवस अति उत्साह आणि मग एकदम खाली, असं असेल तर मी आधी डॉक्टरांकडे पाठवते. अशा वेळी नुसतं बोलत बसणं हा वेळेचा अपव्यय असतो, आणि कधी धोकाही. नैराश्याच्या गोळ्यांचा परिणाम जाणवायला दोन ते चार आठवडे लागतात, कधी थोडं जास्त. 'आठ दिवस घेतली, काही फरक नाही, सोडली' हे मी दर महिन्याला ऐकते. आणि बरं वाटलं म्हणून मनानेच बंद करू नका, डॉक्टरांना विचारून हळूहळू कमी करा. गोळ्या आणि समुपदेशन सोबत चालतात. अनेकांना दोन्ही मिळूनच बरं वाटतं.

किती भेटी लागतात?

एखाद्या ठरावीक प्रश्नासाठी, म्हणजे लिफ्टची भीती, नव्या नोकरीचा ताण, सहा ते बारा. जुन्या जखमा, नात्यांमधले पुन्हा पुन्हा येणारे घोळ, यांना सहा महिने ते वर्ष किंवा अधिक. सुरुवातीला आठवड्याला एक, मग पंधरवड्याला, मग महिन्याला. चार-पाच भेटींनंतर बसून आढावा घ्यायचा: काय बदललं, काय नाही, दिशा बदलायची का. हा आढावा उपचारकाने घेतला नाही तर तुम्ही मागा.

मधेच जास्त त्रास व्हायला लागला तर?

काही वेळा होतो. इतके दिवस दाबून ठेवलेलं वर येतं, भेटीनंतर एक-दोन दिवस जड जातात. हे तिथेच सांगा, वेग कमी करता येतो. पण आठवड्यामागून आठवडे तुम्ही खालीच जात असाल तर ते 'असंच असतं' म्हणून सोडून द्यायचं नाही. पद्धत बदलायला हवी, किंवा डॉक्टरांचं मत घ्यायला हवं, किंवा माणूस बदलायला हवा.

मी सांगितलेलं घरी कळेल का?

तुमच्या परवानगीशिवाय नाही. मानसिक आरोग्य सेवा कायदा २०१७ मध्ये झाला आणि २९ मे २०१८ पासून लागू झाला. त्याच्या कलम २३ मध्ये गोपनीयतेचा हक्क आहे. तुमच्या किंवा इतर कुणाच्या जिवाला धोका असेल, किंवा न्यायालयाचा आदेश असेल, तर अपवाद होतो. १८ वर्षांखालच्या मुलावर लैंगिक अत्याचार झाल्याचं समजलं तर २०१२ च्या पॉक्सो कायद्याप्रमाणे ते कळवणं बंधनकारक आहे. हे अपवाद मी पहिल्याच भेटीत सांगते, म्हणजे नंतर कुणाला फसवल्यासारखं वाटत नाही.

लहान गावात प्रश्न वेगळा असतो. तिथे दवाखान्याच्या पायरीवर कुणी पाहिलं तरी संध्याकाळपर्यंत आळीत कळतं. अशा वेळी शेजारच्या तालुक्यात जाणं किंवा व्हिडिओ कॉलवर बोलणं यात काही गैर नाही. फक्त जागा पाहून ठेवा. माझ्याशी एक ताई पार्क केलेल्या स्कूटीवर बसून, हेल्मेट घालून बोलायच्या. घरात तेवढीही जागा नव्हती.

घरचे म्हणतात, 'आमच्या वेळी नव्हतं असलं काही.' काय सांगू?

वाद घालू नका. त्यांच्या वेळीही होतं, त्याला नावं वेगळी होती. कुणी 'अंगात येतं' म्हणायचं, कुणी 'डोकं धरलंय', कुणी वर्षानुवर्षं पोटदुखी सांगायचं. 'मला झोप येत नाही, त्यासाठी जाते आहे' एवढं सांगितलं तरी पुरतं. तुमची इच्छा असेल तर एका भेटीला नवरा, बायको, आई, भाऊ, कुणालाही आणता येतं. 'ही तिच्या मनाची कमजोरी आहे' असं ठामपणे म्हणणारे वडील तासाभराने 'मलाही तसं होतं कधी कधी' म्हणताना मी ऐकले आहेत.

नामस्मरण, विपश्यना, योग चालू ठेवू का?

ज्याने तुम्हाला आधार मिळतो ते चालू ठेवा. वारीला जाणाऱ्या माणसाला मी वारी सोडून विचारांचा तक्ता भर म्हणणार नाही, त्याच्या वारीबद्दलच आधी ऐकेन. सजगतेवर आधारलेल्या उपचारांचे आठ आठवड्यांचे कार्यक्रम आज जगभर वापरले जातात, त्यांची मुळं आपल्याकडच्या ध्यानपरंपरांतच आहेत.

एक काळजीचा शब्द मात्र सांगते. तीव्र नैराश्य, भास, किंवा ताजा मोठा आघात असताना इगतपुरीसारख्या ठिकाणच्या दहा दिवसांच्या मौन शिबिराला एकदम जाऊ नका. डॉक्टरांशी बोला, आणि शिबिराच्या अर्जात आजाराची माहिती लपवू नका. आणि 'श्रद्धा कमी पडली म्हणून बरं वाटत नाही' असं कुणी म्हणालं तर ते मनाला लावून घेऊ नका.

मराठीतूनच बोलता येईल का?

मी तर आग्रह धरते. राग इंग्रजीत सांगता येतो, पण घालमेल, हुरहुर, कुढणं, रुसणं, जीव तुटणं यांना दुसऱ्या भाषेत नेलं की अर्धं सांडतं. दिवसभर इंग्रजीत काम करणारी मंडळी रडताना मराठीत रडतात. परदेशात राहणारेही याच कारणाने इथल्या उपचारकांना शोधतात. तिथल्या परवान्याचे आणि विम्याचे नियम वेगळे असतात ते आधी विचारून घ्या, आणि तातडीच्या वेळी जवळ कोण आहे त्याचा नंबर उपचारकाकडे देऊन ठेवा.

योग्य माणूस कसा निवडू?

शिक्षण विचारा. संकोच करू नका. चिकित्सा मानसशास्त्रज्ञ म्हणवणाऱ्यांकडे भारतीय पुनर्वास परिषदेची, म्हणजे आरसीआयची नोंदणी असते, तो क्रमांक मागा. समुपदेशकाकडे मानसशास्त्रातली पदव्युत्तर पदवी, कुणाच्या देखरेखीखाली काम केल्याचा अनुभव, आणि ज्या पद्धती वापरतो त्यांचं प्रशिक्षण असावं. शनिवार-रविवारचा एक कोर्स करून पाटी लावणारे वाढले आहेत, याचं मला खरंच दुःख होतं.

जो 'तीन भेटींत हमखास' म्हणतो, जो फक्त स्वतःबद्दल बोलतो, जो तुम्हाला बाहेर भेटायला बोलावतो किंवा अंगाला हात लावतो, त्याच्याकडे परत जाऊ नका. आणि माणूस चांगला असूनही सूर जुळत नाही, असंही होतं. तसं स्पष्ट सांगा. मी अशा वेळी दुसऱ्या तीन जणांची नावं देते.

खर्च परवडत नसेल तर?

शहरांत खाजगी भेटीचं शुल्क साधारण हजार रुपयांपासून पुढे असतं. पुष्कळ जण परिस्थिती पाहून कमी करतात, म्हणून विचारा. जिल्हा रुग्णालयांत जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमाखाली सोय असते. ठाणे, पुण्यातलं येरवडा, नागपूर आणि रत्नागिरी इथे सरकारी प्रादेशिक मनोरुग्णालयं आहेत आणि तिथे बाह्यरुग्ण विभागात दाखवून घरी जाता येतं. भरती व्हावंच लागतं असं नाही. गोव्यात बांबोळीला मनोविकारांची सरकारी संस्था आहे. विम्याच्या बाबतीत २०१७ चा कायदा सांगतो, की शारीरिक आजाराला मिळतं तसंच संरक्षण मानसिक आजाराला मिळालं पाहिजे. पॉलिसीची अट काढून वाचा, नकार आला तर लेखी मागा.

आत्ता, या क्षणी जीव नकोसा झाला असेल तर?

हे पान बंद करा आणि १४४१६ वर फोन लावा. ही केंद्र सरकारची टेलिमानस सेवा आहे, १० ऑक्टोबर २०२२ रोजी सुरू झाली. फुकट आहे, चोवीस तास चालते, मराठीत बोलता येतं. धोका अगदी जवळ असेल तर ११२ लावा किंवा जवळच्या रुग्णालयात जा. एकटे राहू नका, कुणाला तरी उठवा, शेजाऱ्याचं दार वाजवा. कीटकनाशक, गोळ्यांचा साठा, दोरी, जे काही मनात आहे ते घरातल्या कुणाच्या तरी ताब्यात द्या. ही लाट उतरते. ती उतरेपर्यंतचे काही तास कुणीतरी सोबत असणं, एवढ्यानेच कितीतरी लोक वाचतात.

पोलीस केस होईल या भीतीने मदत मागायची थांबू नका. २०१७ च्या कायद्याने असा प्रयत्न करणारा माणूस तीव्र ताणाखाली होता असं गृहीत धरलं आहे आणि त्याला उपचार देणं ही सरकारची जबाबदारी मानली आहे.

पहिल्या भेटीला येताना काय आणू?

चालू असलेल्या गोळ्यांची चिठ्ठी किंवा नुसती रिकामी पाकिटं, आधीचे रिपोर्ट असतील तर ते. दोन-चार ओळींत 'मला काय बदलायला हवंय' असं लिहून आणलंत तर उत्तम, दुधाच्या वहीत लिहिलंत तरी चालेल. निघताना जे विचारायचं असेल ते बसल्या जागीच विचारा. जिन्यात पाच मिनिटंही मिळत नाहीत.